बाळंतशेपांचा वास

तू नुसतं ऐक, तेजू. मध्ये बोलू नकोस, हसू नकोस, आणि तो फोन आधी उलटा ठेव.

तर मी पेशंटनं परत आणलेल्या औषधाच्या बाटलीत नाक खुपसून उभी होते. अगदी आत खुपसून. आणि मागून शार्दूल, माझ्याबरोबर काम करणारा, म्हणाला, "मगदूम, पेशंटच्या गोळ्या हुंगायचं काम पण सरांनी दिलंय का तुला?"

"शार्दूल, ह्याला वास येतोय."

"औषधाला वास येतो. फार्मसीला पहिल्या वर्षी शिकवतात हे."

"अरे, ह्या गोळीला मुळात वासच नसतो, तेच तर म्हणतेय! हे हुंग. बाळंतशेपा."

"कसला शेपा?"

"बाळंतशेपा रे. बडीशेपेसारखा असतो बारीक, भाजून देतात बाळंतिणीला. माझी वहिनी आत्ताच बाळंत झालीये, अख्ख्या घराला तो वास मारतोय. मी चुकणार नाही."

त्यानं हुंगलं. "हां, येतोय. मग? बाईनं डब्याशेजारी ठेवली असेल बाटली."

"ही शेवंताबाई कोळेकरांची. तासगावकडची." मी दुसरी बाटली त्याच्या नाकाखाली धरली. "आणि ही इंदुमती साळुंख्यांची. म्हैसाळची. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. मग दोघींच्या बाटल्यांना एकच वास कसा?"

शार्दूल हसला नाही. आणि हा माणूस कशावरही हसतो, तुला सांगते. तो हसला नाही म्हणून मला पहिल्यांदा त्याचाच संशय आला.

थांब, थोडं मागचं सांगते, नाहीतर तुला कळणार नाही. मी मिरजेला होते तेव्हाची गोष्ट. शिक्षण संपवून नुकतीच एका दवाखान्यात लागले होते, आवटी सरांच्या हाताखाली. तिथं एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. शुगरनं ज्यांच्या पायाच्या नसा खराब झाल्यात ना, त्यांच्यासाठी. ती दुखणी कशी असतात माहितीये? पाय दिसायला चांगले असतात. पण चादर नुसती लागली तरी आग. लाल मुंग्या चावल्यासारखं. साडीची निरी पावलाला घासली तरी बायका ओरडतात. साध्या दुखीच्या गोळ्यांनी काही होत नाही.

आणि औषध कसलं, तर हिस्टामिनवर चालणारं. मी म्हटलं, सर, हिस्टामिन म्हणजे अंगावर गांधी उठतात, शिंका येतात, तेच ना? तर सर म्हणाले, "कातडीत ते कळ वाढवतं, खाज वाढवतं. पण मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवतं आणि दुखणं दाबायला मदतही करतं. तुमच्या घरी पाण्याच्या टाकीत बॉल असतो की नाही? टाकी भरली की बॉल वर येतो, पाणी बंद. नसेवर तसाच एक रिसेप्टर आहे. हिस्टामिन पुरेसं झालं की तो म्हणतो, बास, बंद करा. आपली गोळी तो बॉल खाली दाबून धरते. पाणी चालू राहतं." मग मेंदूत हिस्टामिन वाढणार, दुखणं कमी होणार, असा सगळा हिशेब. आणि झोपही थोडी उडणार, कारण तेच जागं ठेवतं. म्हणून पेशंटना सक्त ताकीद होती, सर्दीची गोळी खायची नाही. ती हिस्टामिनलाच आडवी जाते, मग आमच्या गोळीचा काय उपयोग?

आता मेन गोष्ट. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली. कुणाला कुठली, ते पेशंटला माहीत नाही, मला नाही, सरांना पण नाही.

शेवंताबाईंना हे मीच समजावलं होतं. बारीक अंगाची बाई, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल, आणि चप्पल म्हणजे बंद कापून मोठी केलेली, पावलाला लागू नये म्हणून.

"म्हणजे येकीला खरी नि येकीला खोटी?"

"खोटी म्हणजे आत औषध नसलेली, मावशी."

"मग खोटीच की. आन् कुणाला कुठली, हे कोण ठरवतंय?"

"कॉम्प्युटर."

"आन् त्यो कॉम्प्युटर कुणाचा पावना?"

मी हसले. ती नाही हसली. म्हणाली, "पोरी, माझी लेक येणार हाय पैल्या बाळंतपणाला. लेकराला पायावर घिऊन न्हाऊ घालायचंय मला. माझ्या आईनं माझ्या चारी लेकरांना घातलं. आता माझ्या पायाला लुगडं सोसंना, त्यावर लेकरू कसं झेलू? एवढ्यासाठी आलेय. मला खोटी दिऊ नगा."

"मावशी, ते माझ्या हातात नाहीये."

"मग कुणाच्या हातात हाय, त्येला सांगा."

असं. आणि संमतीच्या कागदावर अंगठा नाही हां, सही केली तिनं, झोकात. ओळखीचं कुणी ह्याच औषधावर आहे का, असा त्या कागदावर एक प्रश्न असतो. कारण ओळखीच्या दोघी घ्यायच्या नाहीत असा आमचा नियम होता. तर ती म्हणाली, "कुणी न्हाई." इंदुमतीबाईंनी पण तेच सांगितलं. ही दुसरी बाई एकदम उलट. आडवं अंग, मोठं कुंकू, ठसठशीत आवाज, दवाखान्यात पण असं बसायची की आपणच तिच्या घरी आलोय.

दोन-तीन भेटी झाल्या आणि मला काहीतरी खटकायला लागलं. बाकीच्या पेशंटचं साधारण दोनच तऱ्हेनं चाललं होतं. काही म्हणायचे पाय हलका झाला, पण रात्री डोळे टक्क उघडे. काही म्हणायचे झोप लागते, पण आग तशीच. आम्हाला सांगायची परवानगी नसली तरी अंदाज येतो ना? आणि ह्या दोघी बरोब्बर मधल्या. अर्धा आराम, अर्धी झोप. काही दिवस छान, काही दिवस वाईट. दोघींचं तेच. जुळ्या बहिणींसारखं.

मी आधी म्हटलं, सर्दीची गोळी खात असतील. इंदुमतीबाईंना विचारलं तर भडकल्याच.

"मला सर्दी हाय का? बग नाक! वाहातंय का?"

"तसं नाही मावशी, विचारावं लागतं."

"तुम्ही आमास्नी विचारता, आमी तुमास्नी कुटं विचारतो, की गोळीत काय घातलंय म्हणून?"

त्या दिवशीच अजून एक गंमत झाली. शेवंताबाई बाहेर पंख्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. इंदुमतीबाई आत आल्या. आणि शेवंताबाई, जिला उभं राहायला दोन मिनिटं लागायची, ती पटकन उठली! पदर सारखा केला आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली. आणि ही बाई त्या पंख्याखाली बसली पण. थँक्यू नाही, हसली नाही, काही नाही. जागा तिचीच असल्यासारखी.

मी शेवंताबाईंना हळूच विचारलं, "ओळखता का त्यांना?"

"कुणाला? छे. मोठ्या घरची बाई दिसती, म्हणून उठले."

अगं, सरकारी एसटीत कलेक्टर आला तरी कुणी जागा देत नाही!

पण मी गाढव, मी त्याचा विचारच केला नाही. माझा संशय शार्दूलवर. कारण पाय तपासायचं काम त्याचं. नायलॉनचा एक बारीक दोरा असतो, तो पावलावर टेकवायचा, कापूस फिरवायचा, किती दुखतंय विचारायचं, आकडा लिहायचा. मला वाटलं, हा एकीचं तपासतोय आणि दुसरीचं बघून लिहितोय. मग मी काहीतरी फाइल शोधायच्या निमित्तानं तो तपासताना आत-बाहेर करायला लागले. तो इमानदारीत करत होता सगळं. शेवंताबाईंच्या पावलाला कापूस लावताना स्वतःच डोळे बारीक करायचा, त्यालाच दुखल्यासारखा. एकदा म्हणाला, "मगदूम, तू माझ्यावर पहारा ठेवलायस का?"

"छे रे."

"कारण मला वाटतंय बाटल्या तू अदलाबदल करतेस."

"मी?"

"गोळ्या द्यायचं काम तुझं. वास पहिल्यांदा तुलाच आला. मला काय माहीत?"

असे आम्ही दोघं एकाच टेबलावर डबा खायचो आणि एकमेकांकडे चोरासारखे बघायचो. त्याच्या आईनं दिलेलं थालीपीठ मी घेतलं नाही एक दिवस, म्हणजे बघ.

आणि मग कंपनीकडून कामत म्हणून बाई आल्या तपासायला. एकदम कडक, केस घट्ट बांधलेले. त्यांनी दोघींचे आकडे शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दोन माणसांची दुखणी इतकी सारखी नसतात."

सरांनी आम्हाला दोघांना बोलावलं. सरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशी पण नाही चढला, आणि तेच जास्त भयंकर. म्हणाले, "कुणीतरी खुर्चीत बसून आकडे लिहिलेत. पाय कोण तपासतं? शार्दूल."

शार्दूल पांढरा पडला. "सर, मी प्रत्येक वेळी—"

"सर, मला नाही वाटत," मी म्हटलं. मी! जी दोन आठवडे त्याच्यावर पाळत ठेवून होते. "बाटल्यांना वास येतोय सर."

"कसला?"

"बाळंतशेपांचा."

कामत बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, शार्दूलच्या आधी मीच घरी जाणार. पण सर म्हणाले, "उद्या सकाळी कोळेकर बाईंच्या घरी जा. बघून ये. गोळ्यांचा काही घोळ दिसला तर आहेत तेवढ्या सगळ्या घेऊन यायच्या, आणि त्यांचं नाव बंद. घोळ नसेल, तर मग मला दुसरीकडे बघावं लागेल." आणि 'दुसरीकडे' म्हणताना त्यांनी शार्दूलकडे बघितलंसुद्धा नाही. कामत बाई म्हणाल्या, "मी उद्या दुपारपर्यंत आहे."

बाहेर आल्यावर शार्दूल एवढंच म्हणाला, "जे असेल ते सांग फक्त. माझ्यासाठी काही बनवून सांगू नकोस."

गेले मी. एसटीनं फाट्यापर्यंत, मग द्राक्षाच्या बागांमधून चालत. घर सापडायला वेळ लागला नाही, लांबूनच वास आला. शेगडीवर ओवा, शेपा, धुरी, सगळं. दार उघडंच होतं. आत बाळाचं रडणं. मी "मावशी!" म्हणून हाक मारली, पण कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून सरळ मागच्या अंगाला गेले.

आणि बघते तर काय, तेजू. न्हाणीत पाटावर इंदुमतीबाई बसलेल्या! म्हैसाळच्या इंदुमतीबाई! लुगडं गुडघ्यापर्यंत वर, दोन्ही पाय लांब सोडलेले, आणि त्या पायांवर पालथं एवढंसं बाळ. तेलानं चकचकीत. आणि शेवंताबाई वाकून तांब्यानं कोमट पाणी सोडत होती, बाळाच्या पाठीवर, म्हणजे इंदुमतीबाईंच्या नडग्यांवर.

"हळू हळू वो विहीणबाई," इंदुमतीबाई म्हणत होत्या, "पोराच्या कानात जाईल."

"न्हाई जात. चार केलीत म्या."

"म्या बी तीन केलीत, आन् त्यातला एक तुमचा जावई हाय."

विहीणबाई! अगं, माझ्या डोक्यात सगळे दिवे एकदम लागले. म्हणून ती पंख्याखालून उठली होती! मुलाची आई ना ही. मुलीची आई बसून कशी राहणार?

शेवंताबाईंनी मला बघितलं. तांब्या हातातच राहिला.

"आली बया," इंदुमतीबाई म्हणाल्या. पण हलल्या नाहीत, पायावर बाळ होतं.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही दोघी म्हणालात ओळखत नाही."

"बाकावर येक जण म्हनली, ओळख सांगितली की येकीला काढत्यात," शेवंताबाई म्हणाली. "मग काय सांगणार?"

"आणि गोळ्या?"

शेवंताबाई आत गेली आणि एक पितळी डबा घेऊन आली. झाकण काढलं. आत आमच्या गोळ्या, सगळ्या एकत्र, आणि मधे मधे एखादा शेपाचा दाणा.

"तुम्ही एकत्र केल्या?"

"मग काय करणार? तुम्हीच सांगितलं, येक खरी येक खोटी. दवाखान्यातनं निघालो, स्टँडवर बसलो, दोन्ही बाटल्या ह्या शेपाच्या डब्यात वतल्या, हलवल्या, आन् परत भरून घेतल्या. दर टायमाला. आता बाळंतपणाला ह्या हितंच राहिल्यात, म्हणून बाटल्याच नगं म्हटलं."

"पण का?"

शेवंताबाई माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मीच अडाणी आहे. "मी खरी खाऊ आन् मुलाच्या आईला खोटी? लोक काय म्हणतील? पोरीला नांदायचंय तिथं."

"आन् मी खरी खाल्ली आन् हिला खोटी," इंदुमतीबाई म्हणाल्या, "तर ही जन्मभर म्हणल, सासरच्यांनी हितं बी वरचढपणा केला. तोंडावर न्हाई म्हणायची, आतल्या आत म्हणल. ते लई वाईट."

"म्या कशाला म्हणतेय?"

"म्हणला असता. मी म्हटलं असतं!"

मग शेवंताबाईंनी मला हळूच विचारलं, "पोरी, खरी कुणाची हुती?"

"मला माहीत नाही. खरंच. एकीची खरी, एकीची खोटी असणार, एवढाच माझा अंदाज. आता ह्या डब्यातली कुठली गोळी कुणाची, हे तर कुणालाच सांगता येणार नाही."

"ब्येस झालं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "कुणालाच नगं कळायला."

बाळानं मूठ आवळली. इंदुमतीबाईंनी त्याला उलटं केलं, टाळूवर तेल घातलं. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. हेच ते पाय, ज्यांना शार्दूलनं कापूस लावला की ही बाई टेबलाची कड पकडायची.

"आग नाही होत?"

"हुती की. पर आज चांगला दिस हाय. आज मी घिते. ज्या दिवशी ह्यांचा चांगला, त्या दिवशी ह्या घेत्यात. दोघींचा वाईट असला की ती सुईण बोलावतो, पर तिचा हात लई राकट."

"बाळंतीण उठंस्तोवर ठेवा," शेवंताबाई म्हणाली. आवाज एकदम बारीक. "सव्वा महिना. मग डबा मी सोता आणून देते, शेपा निवडून. लेकरू एवढं हातापायात येऊ द्या. आमी तुमच्याकडनं काय चोरलं का? तुम्ही दिलं तेवढंच वाटून खाल्लं."

आणि तिनं माझ्या हातात डबा दिला. म्हणजे बघ ना, ठेवा म्हणाली आणि डबा पण माझ्याच हातात दिला. तो गरम होता, शेगडीजवळ ठेवलेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सर.

"मगदूम, पोचलीस का? कामत बाई इथं बसल्यात. शार्दूलपण इथंच आहे. काही सापडलं?"

आता तू बघ. काही सापडलं नाही म्हणाले, की शार्दूल संपला. जो मला म्हणाला होता, माझ्यासाठी काही बनवून सांगू नकोस. सापडलं म्हणाले, की तो डबा माझ्या पिशवीत, आणि उद्यापासून ह्या दोन बायकांच्या पायांना ना खरी गोळी, ना खोटी. आणि निम्म्या ठेवल्या असत्या वगैरे मला सांगू नकोस, तिथं एकेक गोळी मोजून घेतात.

"हॅलो? मगदूम? काही सापडलं का?"

शेवंताबाई पाणी सोडायची थांबली होती. इंदुमतीबाईंनी बाळाच्या दोन्ही कानांवर हात ठेवले होते, का कुणास ठाऊक, जसं काही ते ऐकणारच होतं. आणि ते लेकरू त्या पायांवर इतकं निवांत पडलं होतं ना, जांभई देत.

मी काय बोलले ते सांगते, नक्की सांगते. पण आधी तू सांग. डबा तुझ्या हातात आहे आणि सर वाट बघतायत. तेजू, तू काय म्हणाली असतीस?